सुई काय सांगते? जुन्या स्पोर्ट्स कार आणि तेलाच्या दाबाचा इतिहास

१/ २९ डिसेंबर १९६२. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ईस्ट लंडन शहरात फॉर्म्युला वनच्या त्या हंगामाची अखेरची शर्यत सुरू होती. फेऱ्या ८२. स्कॉटलंडचा जिम क्लार्क आपल्या लोटस २५ मध्ये सर्वांच्या पुढे होता. तो जिंकला तर जगज्जेतेपद त्याचे, नाहीतर ग्रॅहम हिलचे. साठाव्या फेरीच्या सुमारास लोटसच्या मागून धुराची रेघ उमटू लागली. इंजिनाचा एक लहानसा बोल्ट सैल होऊन पडला होता आणि त्या छिद्रातून तेल बाहेर येत होते. क्लार्कने गाडी पिटमध्ये आणून उभी केली. वर्षभराची मेहनत एका बोल्टाएवढ्या छिद्रातून वाहून गेली आणि हिल जगज्जेता झाला.

२/ ती शर्यतीची गाडी होती. परंतु त्या काळातील रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचे प्राणही तेलाच्या त्याच प्रवाहावर अवलंबून असत. म्हणूनच जॅग्वार, एमजी, पोर्शे यांच्या जुन्या गाड्यांत चालकासमोर वेगाच्या तबकडीजवळच तेलाच्या दाबाचीही तबकडी असे. तिची सुई खाली आली की चालकाच्या छातीत धस्स होई आणि वर गेली की जीव भांड्यात पडे. हे दोन्ही भाव पुष्कळदा चुकीच्या वेळी उमटत. सुई नेमके काय मोजते, हे समजायला इतिहासात बरेच मागे जावे लागते.

३/ बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या गाडीवानाला एक गोष्ट ठाऊक होती: कोरडे लाकूड कुरकुरते, तापते आणि झिजते. वंगण घासणाऱ्या दोन पृष्ठभागांना निसरडे करते, एवढाच हजारो वर्षांचा समज होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वे धावू लागली, डब्यांचे वजन आणि वेग वाढला, आणि आसांची बेअरिंगे तापून निकामी होऊ लागली. तेव्हा ब्रिटनमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा पद्धतशीर अभ्यास करण्याचे ठरवले. ते काम बोशां टॉवर या अभियंत्याकडे आले.

४/ टॉवरचा पहिला अहवाल १८८३ चा. रेल्वेच्या आसासारखा एक दंड फिरता ठेवून त्यावर त्याने वजन दिलेले बेअरिंग बसवले होते. वरून तेल सोडावे म्हणून बेअरिंगच्या माथ्यावर एक छिद्र पाडले. दंड फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या छिद्रातून वर येऊ लागले. बूच लावले, ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. अखेर तिथे दाबमापक लावला, तर बेअरिंगवरील वजनाच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक दाब त्याने दाखवला. या उपकरणात कोठेही पंप नव्हता.

५/ या कोड्याचे गणित १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मांडले. फिरणारा दंड बेअरिंगच्या मध्यभागी राहत नाही, किंचित बाजूला सरकतो. त्यामुळे दोहोंमध्ये एका बाजूला पाचरीसारखी निमुळती फट तयार होते. तेल दंडाला चिकटून त्या निमुळत्या जागेत ओढले जाते, तिथे कोंडते आणि कोंडल्यामुळे स्वतःच प्रचंड दाब निर्माण करून दंडाला उचलून धरते. धातू धातूला शिवतच नाही. योगायोग असा की कार्ल बेन्झने आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला तोही १८८६ मध्येच. मोटार जन्मली त्या वर्षी तिला जिवंत ठेवणारे तत्त्वही कागदावर उतरले होते.

६/ या कथेचा गाभा इथेच आहे. क्रँकशाफ्टला तोलून धरणारा दाब पंपातून येत नाही. तो शाफ्टच्या फिरण्यातून, केसाहूनही पातळ अशा तेलाच्या थरात जन्मतो. पंपाचे काम त्या थराला सतत ताजे तेल पुरवणे आणि तिथली उष्णता वाहून नेणे, एवढेच. तबकडीवरची सुई पुरवठ्याच्या वाटेवरील एका ठिकाणचा दाब सांगते. बेअरिंगच्या आत काय चालले आहे, ते तिला दिसत नाही.

७/ सुरुवातीच्या मोटारींना ही सुईही लाभली नव्हती. तेल काचेच्या नळीतून थेंब थेंब ठिबकत असे आणि काम झाले की जळून किंवा गळून जाई. ते परत फिरत नसे. शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. इंधनावर आणि तेलावर नजर ठेवणे, गरज पडेल तसा हातपंप मारणे आणि मागून कोण येते ते पाहणे ही त्याची कामे. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रे हॅरून एकटाच गाडीत बसला, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली, कारण मागे पाहणारे डोळेच त्याच्या गाडीत नव्हते. हॅरूनने आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. युरोपातील ग्रां प्रीमधून हे मेकॅनिक १९२५ पासून उतरले. त्यांच्या नजरेचा वाटा आता तबकड्यांकडे आला.

८/ १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तेलाचा पंप नव्हता आणि दाबाची तबकडीही नव्हती. फिरणारे भाग खालच्या तेलाला थडकत आणि ते सर्वत्र उडवत. तेल किती आहे हे पाहायला इंजिनाच्या बुडाशी दोन तोट्या होत्या. वरच्या तोटीतून तेल आले तर भरपूर. खालचीतूनही आले नाही तर संकट. संथ गतीच्या इंजिनाला एवढे पुरत असे. मात्र वेग वाढला की उडालेल्या तेलावर भरवसा ठेवता येत नाही. वाफेच्या इंजिनांत हा धडा आधीच शिकून झाला होता. बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीने १८९० च्या दशकातच आपल्या बंदिस्त, वेगवान इंजिनांत पंपाने तेल ढकलण्याची पद्धत रुळवली होती. मोटारींनी तीच वाट धरली.

९/ ती वाट अशी. इंजिनाच्या तळाशी संप म्हणजे तेलाची परात. तिच्यातून जाळीमार्गे तेल ओढणारा पंप. पुढे फिल्टर, मग इंजिनाच्या लांबीभर गेलेली मुख्य वाहिनी. तिच्यातून क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांना शाखा; शाफ्टच्या पोटात कोरलेल्या छिद्रांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना; आणि वर कॅमशाफ्टला. प्रत्येक ठिकाणी तेल फटीतून निसटते आणि आपल्याच वजनाने पुन्हा परातीत उतरते. फट किती? मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाएवढी. या निसटण्याला दोष समजू नये. तेल निसटते म्हणूनच ताजे तेल आत येते आणि बेअरिंग थंड राहते.

१०/ या पंपाचे दातेरी चक्र प्रत्येक फेरीला ठरावीक माप तेल पुढे लोटते. तो दाब तयार करत नाही. प्रवाह तयार करतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की आतला दाब वाढतो आणि पाणी मात्र कमी पडते, तसेच इथे घडते. दाब म्हणजे प्रवाहाला झालेला अडथळा. रक्तदाबाचेही असेच असते. तो वाढला म्हणजे शरीराला रक्त अधिक मिळू लागले असा अर्थ होत नाही; धमन्या अरुंद झाल्या असतील तरीही तो वाढतो.

११/ हिवाळ्याच्या पहाटे जुनी एमजी सुरू केली की सुई ताठ उभी राहते आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात थंड तेल काकवीसारखे घट्ट असते, फटींतून सरकायला तयार नसते, म्हणून दाब चढतो. तो मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल बेअरिंगांपर्यंत न जाता माघारी वळते. सुई सर्वांत उंच असते त्या क्षणी वरच्या कॅमशाफ्टपर्यंत तेल पुरते पोहोचलेलेही नसते. तासाभराने, इंजिन तापल्यावर, सिग्नलला उभ्या गाडीत तीच सुई बरीच खाली येते. तेल पातळ झाले आणि पंप हळू फिरतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. एमजीबीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत चालत्या गाडीसाठी चौरस इंचाला ५० ते ८० पौंड, तर स्थिर गतीला १० ते २५ पौंड दाब योग्य मानला आहे. जॅग्वार ई-टाइपला तापलेल्या इंजिनात ३००० फेऱ्यांना ४० पौंड पुरतात. एमजीच्या आकड्याने जॅग्वारची परीक्षा घेणारा मालक विनाकारण इंजिन उघडून बसतो.

१२/ याहून टोकाचे उदाहरण बुगातीचे. १९२४ मध्ये लियाँच्या ग्रां प्रीत उतरलेल्या टाइप ३५ चा क्रँकशाफ्ट बॉल आणि रोलर बेअरिंगांवर फिरे. गोळ्यांवर आणि रुळांवर फिरणाऱ्या शाफ्टला तेलाच्या जाड थराची गरज नसते. थोडे तेल वेळेवर मिळाले की झाले. त्यामुळे साध्या बेअरिंगच्या गाडीत काळजी वाटावी इतका कमी दाब या विजेत्या गाडीला पुरे. आकडा चांगला की वाईट, हे तो कोणत्या रचनेतून आला यावर ठरते.

१३/ साध्या बेअरिंगांचा इतिहासही तेलाच्या इतिहासाला बिलगून चालतो. आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये पेटंट घेतलेला कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू वितळवून बेअरिंगमध्ये ओतत आणि कारागीर तो हाताने खरवडून शाफ्टला जुळवत. तेल क्षणभर तुटले की हा धातू वितळून वाहू लागे. त्याच्या जागी पोलादी पट्टीवर मऊ धातूचा अतिपातळ थर दिलेली, कारखान्यात अचूक मापाने बनलेली बेअरिंगे आली. ब्रिटनमध्ये ती बनवून श्रीमंत झालेल्या टोनी व्हँडरवेलने पुढे स्वतःच्या रेसिंग गाड्या काढल्या. आपले आडनाव आणि ‘थिनवॉल’ हे बेअरिंगचे नाव जोडून त्याने त्यांना व्हॅनवॉल म्हटले. १९५८ मध्ये फॉर्म्युला वनचे गाडीनिर्मात्यांचे विजेतेपद प्रथमच दिले गेले, आणि ते या बेअरिंगवाल्याने पटकावले.

१४/ बेअरिंग सुधारले, पंप सुधारला, तरी एक शत्रू उरला: वळण. गाडी वेगाने वळली की परातीतले तेल एका कडेला धावते. पंपाचे तोंड उघडे पडते आणि ते तेलाऐवजी हवा ओढते. सुई क्षणात कोसळते आणि वळण संपताच वर येते. थंडीतली उंच सुई फसवी होती. ही कोसळणारी सुई मात्र शब्दशः खरी असते. बेअरिंगमधला थर पुरवठ्यावाचून काही क्षण तग धरतो, पण प्रत्येक वळणाला हेच होत राहिले तर इंजिन ‘सीझ’ होते. परातीत आडव्या पट्ट्या घालणे हा स्वस्त उपाय. महाग उपाय विमानांच्या इंजिनांनी आधीच शोधून ठेवला होता: परात कोरडीच ठेवायची. एक पंप खाली उतरलेले तेल तत्काळ उपसून वेगळ्या उंच टाकीत टाकतो आणि दुसरा त्या टाकीतून इंजिनाला पुरवतो. हाच ड्राय संप.

१५/ जॅग्वारने १९५४ च्या डी-टाइपमध्ये ड्राय संप बसवला. खोल परात गेल्यामुळे इंजिन खाली बसवता आले, गाडीचे नाक ठेंगणे झाले आणि वाऱ्याचा अडथळा घटला. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे ल मान्सची २४ तासांची शर्यत डी-टाइपने जिंकली. या यशात इतर अनेक गुण होते. पण चोवीस तास, प्रत्येक वळणावर, तेल अखंड पोहोचत राहिले ही त्यातली न दिसणारी अट होती.

१६/ १९५४ सालच्याच मर्सिडीज ३०० एसएलची गोष्ट निराळी. पंखासारख्या वर उघडणाऱ्या दारांची ही गाडी यांत्रिक पंपाने थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारत असे. चावी बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पंप फवारतच राही. ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली उतरे आणि साठ्यातल्या तेलात मिसळे. लांब पल्ल्याला तेल पुरते तापून पेट्रोल उडून जाई. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ते साचत जाई. परिणामी अवघ्या हजार मैलांनी तेल बदलण्याचा सल्ला दिला जाई. शर्यतीसाठी घडलेल्या या इंजिनाला दुकानापर्यंतची फेरीच अधिक जाचक होती.

१७/ पोर्शे ९११ चे इंजिन हवेने थंड होणारे, म्हणजे उष्णता वाहून नेण्याचा मोठा भार तेलावरच. तिलाही ड्राय संप आणि वेगळी टाकी. तेलाची पातळी पाहायची तर इंजिन तापलेले आणि चालू हवे, गाडी सपाट जागी हवी. थंड, बंद गाडीत काडी बुडवून पाहिली तर ती खोटे सांगते. १९७२ च्या मॉडेलमध्ये पोर्शेने ही टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायचे झाकण उजव्या दरवाजामागे बाहेरच दिले. पेट्रोल पंपावरच्या माणसांना ते पेट्रोलचेच वाटले आणि काहींनी त्यात पेट्रोल ओतले. पुढच्याच वर्षी टाकी पुन्हा मागे गेली.

१८/ तेल म्हणजे तरी कोणते? चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या नव्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले, ते त्यातल्या कॅस्टरमुळे, म्हणजे आपल्याकडच्या एरंडेलामुळे. मराठी घरांत मुलांना नाक दाबून पाजले जाणारे हे तेल तापलेल्या धातूला घट्ट चिकटून राही आणि पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नसे. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती इंजिने त्यावरच चालली आणि शर्यतीच्या मैदानांवर त्याचा वास पुढेही कित्येक दशके दरवळला. मात्र ते काही काळाने चिकट राळ होऊन वाहिन्या तुंबवते, म्हणून शर्यतीनंतर इंजिन उघडून साफ करावे लागे. रोजच्या गाडीला असे लाड परवडत नसतात. तिथे खनिज तेलच राहिले. १९५० च्या दशकात मल्टिग्रेड तेले पसरली आणि थंडीत फार घट्ट न होणारे, उष्णतेत फार पातळ न होणारे तेल सर्वसामान्य चालकाला मिळाले.

१९/ तरीही सुईला खूश ठेवण्याचा मोह सुटला नाही. इंजिन झिजले, फटी रुंदावल्या, दाब उतरला, की कोणी अधिक घट्ट तेल ओतते. सुई वर येते, परंतु थंड इंजिनात बेअरिंगला मिळणारे तेल आणखी घटते. कोणी रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलून कडक बसवते. त्याने दाबाची कमाल मर्यादा उंचावते. तापलेल्या, संथ फिरणाऱ्या इंजिनात, जिथे तो व्हॉल्व्ह उघडतच नाही, तिथे काडीचाही फरक पडत नाही. दोन्ही उपायांत दुरुस्त होतो तो आकडा. जाणता मेकॅनिक वेगळ्या पद्धतीने वाचतो. इंजिन पुरते तापू द्यायचे, ठरावीक फेऱ्यांवर दाब नोंदवायचा, आणि त्याच गाडीच्या गेल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहायचा. एकटा आकडा फारसे बोलत नाही. आकड्यांची मालिका बोलते.

२०/ ज्याला बखरी आणि कागदपत्रे वाचायची आहेत, त्याला ही शिस्त ओळखीची वाटेल. बखरकार कोठे उभा होता, कोणासाठी लिहीत होता, त्याला काय दिसणे शक्यच नव्हते, हे विचारल्याशिवाय त्याचा शब्द वापरता येत नाही. तेलाच्या दाबाची तबकडीही एक साधनच आहे. फ्रान्सच्या यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी पोकळ नळी तिच्या आत असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि सुई हलते. जुन्या गाड्यांत इंजिनातले तेलच बारीक नळीतून थेट तबकडीपर्यंत येई. ती साक्ष प्रामाणिक होती, फक्त एका जागेपुरती.

२१/ पुढे साक्षच बदलली. माझदाची छोटी स्पोर्ट्स कार एमएक्स-५ बाजारात आली तेव्हा तिला खरी तबकडी होती आणि सुई इंजिनाच्या गतीबरोबर वरखाली होई. १९९५ च्या मॉडेलपासून तबकडी तशीच राहिली, पण तिच्यामागे साधा स्विच आला. किमान दाब मिळाला की सुई मधोमध उभी राही आणि तिथून हलत नसे. चालकाच्या मनाला आता शांतता होती. मात्र वळणावर क्षणभर कोसळणारी आणि इंजिन वाचवणारी ती खरी सूचनाही त्या शांततेत नाहीशी झाली.

२२/ म्हणून जुनी स्पोर्ट्स कार जपणारी माणसे आजही ती हलती सुई जपतात. ती घाबरवते, फसवते, कधी उगाच दिलासा देते. पण ती हलते, आणि हलते म्हणून तिला प्रश्न विचारता येतो. पहाटे गाडी सुरू केल्यावर ती उंच दिसली, तर जाणता मालक लगेच वेग वाढवत नाही. तो काही मिनिटे गाडी सावकाश चालवतो, तेल पातळ होऊ देतो आणि सुई थोडी उतरण्याची वाट पाहतो.